सही करण्याआधी विचारा : औषधांच्या चाचण्या आणि आपण

(प्रभागसंघाच्या तिमाही सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी आरोग्य विषयावर केलेले भाषण. ज्या गटांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, ही विनंती. – संपादक मंडळ)



दरवेळी मी तुमच्यासमोर उभी राहते ती कर्जाची परतफेड, नाहीतर वह्या लिहिण्याबद्दल बोलायला. त्यामुळे मी माइक हातात घेतला की काही जणींच्या कपाळावर आठ्या पडतात, ते मला दिसतं! आज हप्त्याचा विषय काढणार नाही. आज बोलायचं आहे एका वेगळ्याच सहीबद्दल.

गेल्या काही महिन्यांत तीन-चार गावांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. घरातलं कुणी आजारी आहे, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं, “एक नवीन औषध आहे. त्याची चाचणी चालू आहे. तुम्ही नाव दिलं तर औषध फुकट, तपासण्या फुकट, येण्या-जाण्याचं भाडंही मिळेल. इथे सही करा.” घरी येऊन चार माणसांना विचारलं, तर दोघं म्हणाली, “फुकट मिळतंय तर सोडता कशाला?” आणि दोघं म्हणाली, “अजिबात नाव देऊ नका. गरिबावर प्रयोग करतात, उंदरावर करतात तसे.” मग ती बाई मला विचारते, “ताई, सही करू का नको?”

या प्रश्नाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मी देत नाही, आणि मी ते द्यायचंही नाही. ते ज्याच्या त्याच्या आजारावर आणि मर्जीवर आहे. पण सही करण्याआधी काय समजून घ्यायचं, हे मात्र आपण सगळ्यांनी शिकू शकतो. बँकेचं कर्ज घेताना व्याज किती, हप्ता किती, विमा कापला का, हे आपण विचारतो ना? दहा वर्षांपूर्वी आपल्यातल्या किती जणी विचारत होत्या? शिकलो. तसंच हे.

आधी चाचणी असते कशाला, ते बघू.

चाचणी कशासाठी करतात?

इथे आशाताई बसल्या आहेत म्हणून त्यांच्याच कामाचं उदाहरण घेते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या दिवशी येतात, सातव्या दिवशी येतात, पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येत राहतात. बाळाचं वजन बघतात, ते गार पडलंय का, नीट दूध ओढतंय का ते बघतात. आपल्याला वाटतं, सरकारचा नियम आहे म्हणून येतात. पण हा नियम आला कुठून?

तो आपल्या महाराष्ट्रातूनच आला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात एक अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्यांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांत नेहमी जे चालायचं तेच चालू राहिलं. आरोग्यदूत असलेल्या गावांत सुरुवातीला जन्मलेल्या दर हजार बाळांतली साधारण ६२ बाळं पहिल्या महिनाभरातच दगावत होती. काही वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ४७ गावांत मात्र आकडा जिथे होता तिथेच राहिला. शेजारच्या गावांशी तुलना केली म्हणून खात्रीने सांगता आलं, की हा फरक पाऊसपाण्यामुळे किंवा नशिबाने पडला नाही, आरोग्यदूतांच्या कामाने पडला. पुढे तीच पद्धत आशाताईंच्या मार्फत देशभर गेली.

दुसरं उदाहरण टीबीचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी टीबी झालेल्या माणसाला घरापासून लांब, सॅनटोरियममध्ये वर्ष-वर्ष ठेवायचे. बाई असेल तर तिचं घर, पोरं, सगळंच तुटायचं. १९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, १९३ रुग्णांवर एक चाचणी झाली. औषधं सगळ्यांना दिली, पण काहींना सॅनटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या घरी. दिसलं असं, की औषध नीट घेतलं तर घरी राहूनही रुग्ण जवळपास तेवढाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. आज आपल्या गावातला टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, त्यामागे त्या १९३ माणसांचा हात आहे.

तेव्हा ‘चाचणी म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. आज आपण घेतो त्या लशी आणि बहुतेक नवी औषधं कुणीतरी आधी चाचणीत भाग घेतला म्हणून आपल्यापर्यंत आली. फक्त ज्याने भाग घेतला त्याला ते माहीत असलं पाहिजे, आणि त्याने स्वतःहून घेतलेला असला पाहिजे.

चाचणी चालते कशी?

नवीन औषध आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासतात. मग माणसांवर, टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात थोडी माणसं असतात, बहुतेक वेळा निरोगी. कॅन्सरसारख्या आजारात मात्र रुग्णच असतात. तिथे मुख्य प्रश्न एवढाच, की हे औषध माणसाला सोसतं का, आणि किती मात्रेत सोसतं. दुसऱ्या टप्प्यात त्या आजाराचे थोडे जास्त रुग्ण घेतात आणि गुण येतो का ते बघतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, कधी हजारो रुग्ण असतात. नवीन औषध जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे का, हे तिथे ठरतं. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरचा. लाखो लोक घ्यायला लागले की क्वचित होणारे त्रासही दिसतात, त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही चाचणी कितव्या टप्प्याची आहे. पहिल्या टप्प्यातल्या औषधाची माहिती थोडी असते, चौथ्या टप्प्यातल्या औषधाची भरपूर असते. दोन्हीकडे ‘नवीन औषध’ असंच म्हणतात, पण जोखीम सारखी नसते.

आता गटांची गोष्ट. मोठ्या चाचणीत बहुधा रुग्णांचे दोन किंवा जास्त गट पाडतात. एका गटाला नवीन औषध, दुसऱ्याला नेहमीचं औषध. कधी कधी दुसऱ्या गटाला नुसती दिसायला तशीच गोळी देतात, तिच्यात औषध नसतं. तिला प्लासिबो म्हणतात. तुम्ही कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही ठरवत नाही. ते सोडतीने ठरतं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते ना, लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावतात? का, तर कुणी आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नये. भिशीतही चिठ्ठीच काढतो. इथेही कारण तेच. डॉक्टरांनी तब्येतीने बऱ्या रुग्णांना नवीन औषध दिलं आणि जास्त आजारी माणसांना जुनं, तर नवीन औषध उगाच चांगलं ठरेल. पुष्कळदा तर कुणाला कोणती गोळी चालू आहे हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं.

हे ऐकून परवा एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे मी लांबून जायचं, रक्त द्यायचं, आणि मला औषध मिळेलच असं नाही?” मावशी, बरोबर समजलात! हेच समजून घ्यायचं आहे.

आपण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टरांचा एकच विचार असतो, की या माणसाला कशाने बरं वाटेल. चाचणीत डॉक्टरांवर दोन कामं असतात. एक तुमची काळजी घेण्याचं, दुसरं औषधाबद्दलचं उत्तर शोधण्याचं. चाचणीतला फायदा तुम्हाला होईल, कदाचित होणार नाही. पुढच्या रुग्णांना नक्की उपयोग व्हावा म्हणून ती केलेली असते. चांगले डॉक्टर हे आधीच स्पष्ट सांगतात. पण आजारी माणूस आणि त्याच्या घरचे आशेने गेलेले असतात, त्यामुळे सांगितलेलंही कानात शिरत नाही. ‘नवीन’ म्हणजे ‘जास्त चांगलं’ असं आपण मनाने ठरवून टाकतो. नवीन औषध चांगलं आहे हे आधीच माहीत असतं, तर चाचणी केलीच कशाला असती?

उस्मानाबादच्या बायकांची गोष्ट

आता एक गोष्ट सांगते ती आपल्यासारख्याच बायकांची. आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली एक मोठी चाचणी सुरू झाली. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून ती केली. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह केले आणि सोडत काढून त्यांचे चार गट पाडले.

पहिल्या गटातल्या बायकांना एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केली. दुसऱ्या गटाला पॅप स्मिअर. तिसऱ्या गटाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, जिला व्हीआयए म्हणतात. आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना यातली कोणतीच तपासणी नाही, तेव्हा नेहमी जे मिळायचं तेवढंच. हा झाला तुलना गट.

आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला. पहिल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, दुसऱ्यात ५४, तिसऱ्यात ५६ आणि चौथ्या गटात ६४. गट थोडे लहान-मोठे होते, ते धरूनसुद्धा एचपीव्ही तपासणीच्या गटातले मृत्यू तुलना गटाच्या जवळपास निम्मे निघाले. पॅप आणि व्हीआयएच्या गटात मात्र खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या जगाला सांगते, की शक्य तिथे एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती द्या. हे ज्या अभ्यासांमुळे कळलं, त्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा मोठा वाटा आहे. मला याचा अभिमान वाटतो.

पण ताईंनो, चौथ्या गटाचा आकडा वाचताना माझं बोट तिथेच थांबतं. ६४.

यावर डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं असं, की पॅप तपासणीने हा कॅन्सर वेळेवर सापडतो हे जगात आधीच माहीत होतं, मग एवढ्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं? ज्यांनी अभ्यास केला त्यांचं म्हणणं, की त्या भागात तेव्हा सरकारी तपासणी कार्यक्रमच नव्हता. तुलना गटातल्या बायकांकडून आम्ही काही काढून घेतलं नाही. आणि आपल्या गावात कोणती पद्धत चालेल हे तुलना केल्याशिवाय कळलं नसतं. दोन्ही बाजूंना मोठमोठे अभ्यासू लोक आहेत. निवाडा करायला मी उभी नाही.

आपल्यासाठी यातून एक प्रश्न निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मी कोणत्या गटात जाऊ शकते, आणि त्या गटात गेले तर मला काय मिळणार नाही? काय मिळणार आहे ते सगळे न विचारता सांगतात. काय मिळणार नाही ते आपण विचारायचं. आणि ते उपचार बाहेर, सरकारी दवाखान्यात किंवा आरोग्य योजनेतून मिळत असतील, तर चाचणीत राहून ते घेता येतील का, हेही विचारायचं.

दुसऱ्याने केलेली सही

आणखी एक गोष्ट. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला १० ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. एकट्या खम्ममला सुमारे १४ हजार मुली होत्या. त्यातल्या कितीतरी आदिवासी घरांतल्या, वसतिगृहात राहणाऱ्या. दोन्ही ठिकाणच्या मिळून सात मुलींचे मृत्यू झाले, बोंबाबोंब झाली, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. सरकारी चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाले असं दिसलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही लस कॅन्सर टाळण्यासाठी जगभर दिली जाते. तिच्याबद्दल भीती पसरवायची नाही.

पण चौकशीत दुसरंच बाहेर आलं. पुष्कळ मुलींच्या संमतीपत्रावर आई-वडिलांची सहीच नव्हती. वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या करून टाकल्या होत्या. प्रकल्पवाल्यांचं म्हणणं होतं, की ही औषधाची चाचणी नाहीच. २०१३ साली संसदेच्या समितीने अहवाल दिला आणि या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

वॉर्डनताईंच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्यांना वाटलं असेल, चांगली लस आहे, पोरींचं भलंच होईल. अगदी अशाच चांगल्या मनाने आपणही उद्या चुकीचं काम करू शकतो, म्हणून सांगते. उद्या कुणी आपल्या प्रभागसंघाकडे येईल आणि म्हणेल, “तुमच्याकडे इतक्या बायका आहेत, आम्हाला नावांची यादी द्या, सभेत ठराव करून घ्या.” तेव्हा लक्षात ठेवा. ग्रामसंघाचा ठराव म्हणजे बाईची संमती नाही. सरपंचांचं पत्र म्हणजेही नाही. नवऱ्याची सही म्हणजेही नाही. गावाने परवानगी दिली तरी प्रत्येकीला वेगळं विचारावंच लागतं. अठरा वर्षांवरच्या बाईची संमती तिची एकटीची. घरच्यांशी बोलायचं असेल तर जरूर बोलावं, पण शेवटचा शब्द तिचा. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडिलांची किंवा पालकाची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलालाही विचारावं लागतं.

नियम काय सांगतात?

२०१३ नंतर आपल्याकडे चाचण्यांचे नियम कडक होत गेले. सुप्रीम कोर्टात याचिका झाल्या, संसदेत प्रश्न आले. आज औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगते.

नवीन औषधाची चाचणी करायला दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. शिवाय एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ही समिती कमीत कमी सात जणांची असते. त्यात डॉक्टर असतात, कायदा जाणणारा माणूस असतो, एक तरी बाई असते, आणि एक तरी तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस असतो. निम्मे सभासद त्या दवाखान्याच्या बाहेरचे असावे लागतात. पहिल्या रुग्णाचं नाव घालण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट बघता येते. तेव्हा दवाखान्यात नोंदणी क्रमांक मागा आणि घरातल्या शिकलेल्या पोराला-पोरीला मोबाइलवर शोधायला सांगा. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथेच थांबा.

संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे. वाचता येत नसेल तर त्यांच्या पगारावर नसलेला, कुणाच्या बाजूचा नसलेला एक साक्षीदार सगळं वाचून दाखवून होईपर्यंत हजर पाहिजे, आणि त्याची सही पाहिजे. काही चाचण्यांत, म्हणजे औषध अगदी नवं असेल आणि भाग घेणारी व्यक्ती दुर्बल घटकातली असेल, तर हे सगळं समजावून सांगताना व्हिडिओ काढावा लागतो. कॅमेरा दिसला म्हणून घाबरू नका, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. पासबुक ठेवतो त्या पिशवीत ती ठेवा.

त्या संमतीपत्रात नॉमिनीचं नाव लिहायला एक जागा असते. ती बघून कुणी दचकेल. चाचणीमुळे जिवाचं काही बरंवाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी ती आहे. बँकेत भरतो तसंच ते विचार करून भरा. मोकळं सोडू नका.

चाचणीत असताना काही इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. इजा चाचणीमुळे झाली असं ठरलं तर भरपाईही द्यावी लागते. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत वर कळवायचं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही चाचणी कधीही सोडू शकता. कारण सांगायची गरज नाही. सोडली म्हणून त्या दवाखान्यातले तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फक्त एक करा, गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात. डॉक्टरांना सांगून बाहेर पडा.

हे प्रश्न लिहून घ्या

वह्या काढा. गटाच्या इतिवृत्त वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे लागेल तेव्हा सापडतील.

१. हा माझा नेहमीचा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर कितव्या टप्प्याची?
२. मी नाव दिलं नाही तर माझ्या आजारावर दुसरा कोणता उपचार आहे, आणि तो इथे मिळेल ना?
३. गट किती आहेत? औषध नसलेली गोळी मिळू शकते का? माझ्या गटात मला काय मिळणार नाही?
४. कोणते त्रास होऊ शकतात? आतापर्यंत किती माणसांना हे औषध दिलंय?
५. किती महिने, किती वेळा यायचं? भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार?
६. त्रास झाला तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा? एथिक्स कमिटीचा फोन माहितीपत्रकावर कुठे आहे?
७. चाचणी संपल्यावर औषधाचा गुण येत असेल तर ते पुढे मिळेल का?
८. माझं नाव, माझ्या आजाराची माहिती कुणाकुणाला कळणार?
९. हे कागद मी घरी नेऊन दोन दिवस वाचू शकते ना?

शेवटच्या प्रश्नाला ‘नाही, आत्ताच सही करा’ असं उत्तर आलं, तर पेन खाली ठेवा.

आपल्या बाजूनेही खरं सांगायचं. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीच सांगा. पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील, वैद्याचा काढा चालू असेल, तेही सांगा. पैसे मिळतात म्हणून काही जण एकाच वेळी दोन चाचण्यांत नाव देतात. असं कधी करू नका. दोन औषधं अंगात एकत्र आली तर काय होईल ते कुणालाच माहीत नसतं.

गटाने काय करायचं?

एखादी सभासद असा कागद घेऊन बैठकीत आली, तर तो तिच्यासाठी सावकाश वाचा. वाचणारी चांगली असावी. तिला वरचे प्रश्न विचारायला शिकवा. तिला हवं असेल तर एकीने सोबत दवाखान्यात जा. तिचा आजार गटाबाहेर बोलू नका. आणि तिने ठरवलं की त्यावर चर्चा बंद. ‘हो’ म्हणाली म्हणून ‘पैशासाठी गेली’ असं नको, आणि ‘नाही’ म्हणाली म्हणून ‘भित्री’ असं नको. सीआरपी ताईंना एक विशेष विनंती. चाचणीसाठी बायका गोळा करून द्या, दर नावामागे इतके देऊ, असं कुणी म्हटलं तर आपण ते घ्यायचं नाही. आपल्या शब्दावर बायका कर्ज घेतात. त्या शब्दावर त्यांचं शरीर पणाला लावायचं नाही.

जाता जाता एक काम सांगते. उस्मानाबादच्या आणि अशाच दुसऱ्या अभ्यासांतून जे कळलं ते आता चाचणी राहिलेलं नाही, तो आपला हक्क झाला आहे. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आता सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. बहुतेक ठिकाणी ती व्हीआयएची असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी शिकवलेल्या आरोग्य सेविकांकडून व्हीआयए केल्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही म्हटलं तरी चालेल. लाजून घरी बसू नका. पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीस वर्षांवरच्या सभासदांची यादी करायची, आशाताईंना तारीख विचारायची, आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी मिळून जायचं. इथेही तोच नियम, जायचं की नाही ते प्रत्येकीने स्वतः ठरवायचं. आपण फक्त गाडीची सोय करू.

कुणाला काही विचारायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मी इथेच आहे.